पाठमोरे

बेरिस्सो
सोमवार, ३ जून

तादेओ,

तुझ्या बहिणीच्या पावाच्या पिशवीतून हे पत्र येतंय, तेव्हा कागदाला पीठ लागलं असेल तर झटकून वाच. इरेना म्हणाली, "फोन त्याने नदीत टाकलाय की काय कुणास ठाऊक. बेटावर सकाळच्या लाँचने त्याचा पाव जातो, त्यात घाल." म्हणून घातलं.

हे मी चाहत्यांच्या वतीने लिहिते आहे, ते आधीच सांगते. तुमच्या बँडचं निवेदन आम्ही वाचलं. 'तादेओ मिकालाउस्कस वैयक्तिक कारणांमुळे पेरोस दे आदुआना सोडत आहे. शनिवारी, २२ जूनला, बेरिस्सोच्या क्लबात त्याचा शेवटचा कार्यक्रम.' बस्स. ज्याच्या कीबोर्डवर या गावाची एक पिढी वयात आली, त्याच्यासाठी एवढंच! आमच्या शिक्षक संघटनेत शिपाई निवृत्त झाला तरी आम्ही याहून जास्त बोलतो.

तुम्ही कारण सांगितलं नाही, म्हणून लोकांनी आपापलं तयार केलं. पहिल्या दिवशी तू आजारी होतास. मग लिसांद्रोशी तुझं भांडण झालं. गायक आणि कीबोर्डवाला म्हटलं की भांडण कुणालाही पटतं. आता तू बुएनोस आयरेसला जाणार आहेस, टेलिव्हिजनवरच्या त्या नाचाच्या स्पर्धेत चकाकता कोट घालून वाजवायला. "विकला गेला" हा शब्द मी काल भाजीवालीच्या तोंडून ऐकला. पालकाची जुडी बांधता बांधता म्हणाली.

मला खरं कारण माहीत आहे, आणि ते मनात एकटीने वागवणं मला झेपत नाही.

गुरुवारी दुकानात गर्दी होती म्हणून तू इरेनाला हात द्यायला उभा होतास. केकच्या खोक्याला दोरा बांधत होतास. तुझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप तळव्यात मुडपली, हात लावल्यावर गोगलगाय आत जाते तशी. डाव्या हाताने तू ती उघडलीस. पुन्हा मुडपली. मग तू वर पाहिलंस, आणि मी पाहत होते.

मागच्या भट्टीपाशी नेऊन तू मला जे सांगितलंस ते मी शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे माझं काही चुकलं असेल तर कळव. "आधी फक्त पट्ट्यांवर ठेवली की मुडपायची. आता सुरी धरली तरी. डॉक्टरांकडे नाव आहे, औषध नाही. लिसांद्रो म्हणतो माझा भाग आधीच रेकॉर्ड करून ठेवू, तू नुसता हात हलव. खोटं नाही वाजवणार मी, नीदिया. एकदा वाजवणार, जसं येईल तसं, आणि जाणार." मी म्हटलं, मग लोकांना सांग. तर तू म्हणालास, "गद्दार म्हणू देत. बिचारा म्हणायला नको. तू बोललीस तर तुझं तोंड पाहणार नाही."

मी आयुष्यभर चौकात उभी राहून बोलले आहे, तादेओ. गव्हर्नरच्या दारात बोलले, पोलिसांच्या घोड्यांसमोर बोलले. आणि तू मला गप्प बसायला सांगतोस, तेही एका खऱ्या गोष्टीबद्दल.

विचार कर. मला बोलू दे. चार वाक्यं पुरतील.

नीदिया वोलोशिन
(चाहत्यांच्या वतीने)


बेरिस्सो
शनिवार, ८ जून

तादेओ,

तुझं उत्तर मिळालं. पाव गुंडाळायच्या कागदावर एक शब्द: 'नाही.' अक्षरं डाव्या हाताची, पहिलीतल्या मुलाची असतात तशी. तेवढ्यावरून मी इरेनाच्या दुकानात पाठ वळवून उभी राहिले आणि बिस्किटांच्या बरण्या बघत बसले. तिने विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "ख्यालीखुशाली."

ठीक आहे. शब्द दिला नव्हता, पण पाळते आहे. पण काय चाललंय ते तुला कळायला हवं.

काल संध्याकाळी आम्ही क्लबच्या तळघरात त्रापो, आपला तो लांबलचक कापडी फलक, रंगवत होतो. कपडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता आणि सगळे गुडघ्यांवर. 'भोंगा वाजला, बेरिस्सो हजर' ही आपली जुनी ओळ नव्याने लिहायची होती, कारण मागच्या पावसात रंग उतरला. एवढ्यात शेजारच्या एन्सेनादाचे चाहते आले. पुढे चुएको, पोटावर ढोल बांधलेला. तो घरीही तो काढत नसावा. गोदीतून थेट आला होता, हाताला ग्रीस. तुला तो दुरून माहीत आहे: त्याने ढोल वाजवला की गर्दी उड्या मारते आणि थांबवला की थांबते. मला तो जवळून माहीत आहे. दोन वर्षं माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर झोपला होता.

"बाई," तो म्हणाला, "रंग वाया घालवू नका. त्या टीव्हीवाल्यासाठी त्रापो कशाला?"

मी म्हटलं, "चुएको, बूट काढ आधी. 'बेरिस्सो'च्या 'ब'वर उभा आहेस."

सगळे हसले. तो हसला नाही, पण बाजूला झाला. मग म्हणाला, "बाई, तुमच्या तासाला मी कधी जागा होतो का? नव्हतो. पण त्याच्या वाजवण्याला माझा डोळा कधी लागला नाही. बाप वारला त्या आठवड्यात रोज तेच ऐकत होतो. म्हणून आग होते. दुसरा कुणी गेला असता तर म्हटलं असतं, जा बाबा, पोटापाण्याचं बघ. हा गेला तर..." आणि त्याने ढोलावर एक टोला हाणला. रंगाचा डबा कलंडला.

त्याचा बेत असा आहे. शेवटच्या कार्यक्रमात 'सहाचा भोंगा' तुम्ही सर्वांत शेवटी वाजवणार, हे सगळ्यांना माहीत आहे. तुझा एकट्याचा भाग सुरू व्हायच्या आधी तो ढोलावर तीन टोले देणार, आणि सगळा क्लब तुझ्याकडे पाठ फिरवणार. एक शब्द न काढता. मेल्यासारखी शांतता, आणि तिच्यात तू एकटा वाजवणार.

"शिट्ट्या नाहीत, शिव्या नाहीत," तो म्हणाला. "शिव्या आपण परक्यांना देतो."

शिट्ट्यांत एखादा चुकलेला सूर बुडून जातो. शांततेत बुडत नाही. तुझी बोटं मुडपली की तो आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल, आणि मग एकेक मान वळेल. पाठी पुन्हा तोंडं होतील, आणि सगळी तुझ्या हाताकडे बघत असतील.

पुढच्या रविवारी, सोळाला, सगळ्या वस्त्यांतल्या चाहत्यांची सभा आहे. मी बोलणार. तू मला खरं बोलू देत नाहीस, तेव्हा बाकी जे काही हाताशी आहे त्यावर बोलेन. मला झोप येत नाही, हे सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलं.

नीदिया वोलोशिन


बेरिस्सो
सोमवार, १७ जून

तादेओ,

हे पत्र सगळं वाच. बाकीची नाही वाचलीस तरी चालेल, हे वाच. बसून वाच.

मी हरले. हात वर करून मतं घेतली आणि माझ्या बाजूचे हात मोजायचीही गरज पडली नाही.

वाईट बोलले नाही मी. खुर्चीवर उभी राहिले. म्हटलं, "कारखान्यातून माणूस काम सोडून जातो तेव्हा कारण कोण विचारतं? मालक. 'का जातोस, कुठे जातोस, माझं खाऊन मोठा झालास.' आपल्या आजोबांना हे कत्तलखान्याच्या फाटकावर ऐकवलं गेलं. आपल्या आईबापांना ऐकवलं गेलं. आणि आज आपण हेच एका वाजवणाऱ्याला ऐकवणार? आपण त्याचे मालक कधी झालो? त्याने आपल्याला जे दिलं ते दिलं. उद्या तो टेलिव्हिजनवर वाजवो, नाहीतर बेटावर द्राक्षं लावो, दिलेलं परत जात नाही. प्रेम केलं म्हणजे माणूस नावावर झाला, असं मानणारा नवरा आपल्याला चालत नाही. मग असा चाहता का चालावा?"

बायकांच्या बाजूने टाळ्या आल्या. मला वाटलं, जिंकले.

मग चुएको उठला. तो खुर्चीवर चढला नाही. ढोल पायापाशी ठेवला, आणि ढोलाशिवाय तो मला एकदम लहान दिसला. "बाई बरोबर बोलतात," तो म्हणाला. "बाई नेहमीच बरोबर बोलतात. पण कामावरचा माणूस जाताना सोबत्यांना तरी सांगतो ना? मालकाला नको सांगू. आम्हाला सांग. पोरं हो, आपण त्याचे सोबती होतो की नाही?"

त्याचं म्हणणं खरं आहे, तादेओ. तू त्यांना सांगायला हवं होतंस. माझ्याकडचं एकमेव उत्तर तू माझ्या तोंडात कोंबून ठेवलं आहेस.

मतं झाली. पाठ फिरवायची, ठरलं. लोक उठायला लागले, खुर्च्या ओढल्याचे आवाज. आणि मी पुन्हा खुर्चीवर चढले. कुणीतरी ओरडलं, "बाई, तास संपला!" मी म्हटलं, "घंटा मी देते, तू नाही. खाली बस."

मी म्हटलं: "पाठ फिरवायची? फिरवू. सभेचं ठरलं म्हणजे माझंही ठरलं. पण गप्प का? गप्प राहून आपण त्यालाच ऐकणार. त्यापेक्षा पाठ फिरवून गाऊ. त्याचा भाग आपण गाऊ, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, जसा आपण कायम गातो. पण त्याच्याकडे न बघता. शेवटपर्यंत एकानेही मागे वळायचं नाही. जो वळेल तो आपला नाही."

चुएकोचे डोळे चमकले. "म्हणजे त्याला कळू दे, त्याच्याशिवाय आमचं चालतं!"

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. खुर्चीवरून उतरले.

एकमताने मंजूर झालं.

आता तुला कळलं ना मी काय केलं? शब्द नसलेला सूरही गर्दीने गायचा, ही आपल्या लोकांची सवय. परदेशी बँड येतात आणि थक्क होतात, गिटारचं वाजवणं हे लोक तोंडाने कसं गातात म्हणून. तुझा 'भोंगा' तर पोरंसोरं रस्त्यात गातात. तुझा उजवा हात त्यांच्या गळ्यात आहे. तुला तो वाजवावा लागणार नाही. डाव्या हाताने खालचे सूर धर, तेवढं पुरे. उजव्याने जमेल ते कर, नाहीतर मांडीवर ठेव. कुणी पाहणार नाही. पाहायची बंदी आहे, सभेने घातलेली! अख्खा क्लब तुझ्याकडे पाठ करून उभा असेल, आणि त्यांना वाटत असेल की ते तुला शिक्षा करताहेत. तुला मात्र ठाऊक असू दे की तुझ्या हातावर एकाचीही नजर नाही.

एक गोष्ट मला टोचते आहे. आजवर मी जे म्हटलं तेच लोकांना कळावं म्हणून घसा फोडला. काल पहिल्यांदा मी त्यांना दुसरंच काही समजू दिलं आणि त्यावर मत जिंकलं. हे तुझ्यासाठी केलं. त्याचं ओझं तुझ्यावर टाकत नाही, फक्त नोंदवते.

म्हणून, शनिवारी चुएकोचे तीन टोले ऐकलेस आणि पाठी दिसल्या, तर घाबरू नकोस. उठून जाऊ नकोस. एवढ्यासाठी हे पत्र.

पोचल्याचं कळव. एक शब्द चालेल. कुठलाही.

नीदिया


बेरिस्सो
गुरुवार, २० जून

तादेओ,

मंगळवारपासून वारा आग्नेयेचा आहे आणि नदी उलटी गावात शिरते आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला पाणी आलं. शेजाऱ्यांनी गाद्या माळ्यावर टाकल्या. लाँच बंद.

माझं सोमवारचं पत्र गेलं की नाही, ते कुणी सांगत नाही. म्हणजे सांगतात, पण प्रत्येक जण वेगळं. इरेना म्हणते, "मी पिशवीत घातलं, वर पाव ठेवला." लाँचवाला म्हातारा म्हणतो, "मंगळवारी सकाळी पिशवी नेली की. धक्क्याच्या खांबाला टांगली. लाटा चढत होत्या, थांबलो नाही." मी विचारलं, "तो आला होता का घ्यायला?" तर म्हणतो, "बाई, मी लाँच सांभाळू का माणसं मोजू?"

पाणी चढल्यावर तू मेहुण्याच्या वरच्या झोपडीत गेला असशील. धक्क्यावर उतरला असशील का? पावासाठी तरी? तू पावाशिवाय दोन दिवस काढू शकतोस. लहानपणीही उपाशी राहून हट्ट करायचास.

लिसांद्रोला फोन केला. म्हणाला, वारा पडला की शनिवारी दुपारी बँडची बोट त्याला आणेल, थेट मागच्या दाराने. मी म्हटलं, त्याला माझा एक निरोप द्या. तो म्हणाला, "नीदिया, त्याने अट घातलीय. कार्यक्रमाआधी कुणाचा निरोप नको, कुणाची भेट नको. चाहत्यांची तर नाहीच. मला बँड सांभाळायचाय की टपाल?" लिसांद्रो चांगला माणूस आहे. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

चुएकोकडे जाऊन सगळं थांबवावं, असं आज तीनदा मनात आलं. चपला घातल्या, काढल्या. थांबवायला कारण द्यावं लागेल, आणि कारण एकच आहे.

हे पत्रही तुझ्यापर्यंत येणार नाही, हे मला माहीत आहे. लाँच नाही, पाव नाही. तरी लिहिते आहे, कारण न लिहिता बसले की मला तू दिसतोस: दिवे तोंडावर, तीन टोले, आणि समोर सगळ्या पाठी. आणि तुला काहीच माहीत नाही.

'भोंगा' तू पहिल्यांदा कुठे वाजवलास ते आठवतं का? कीबोर्डवर नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मेणकापडावर, दहा बोटांनी. बाहेर कत्तलखान्याचा भोंगा झाला, बाबांची पाळी सुटायची वेळ, आणि तू म्हणालास, "हा आवाज खाली येतो तेव्हा दमलेला असतो, ऐक." आई म्हणाली, "टेबल मोडशील मेल्या." मी एकटीच होते जी तेव्हा तुझ्या हातांकडे बघत होती.

वारा पडू दे.

नी.


बेरिस्सो
सोमवार, २४ जून

तादेओ,

आज लाँच सुरू झाली, आणि म्हाताऱ्याने तुझी पिशवी परत आणली. खांबालाच होती. पावाचा लगदा झालेला, आणि त्यात माझं पाकीट, न उघडलेलं. शाई पसरली आहे, पण डिंक तसाच आहे.

म्हणजे तुला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे शनिवारी तुझ्यासमोर सगळा क्लब वळला आणि तुला वाटलं, ही तीच माणसं.

आणि तरी तू बसून राहिलास.

कार्यक्रम संपल्यावर तू मागच्या दाराने निघून गेलास, बोटीत बसलास, कुणाला भेटला नाहीस. त्या पाठी काय होत्या, हे मला आता सांगितलंच पाहिजे. गेल्या सोमवारचं ते पत्र सोबत ठेवते आहे. जिथे शाई पसरली तिथे वरून पुन्हा लिहिलं आहे. ते आधी वाच आणि मग हे.

वाचलंस? आता ऐक, आमच्या बाजूने काय झालं ते.

लिसांद्रोने गाण्याचं नाव घेतलं. नेहमी त्या नावाला क्लबचं छप्पर उडतं. या वेळी कुणी ओरडलं नाही. मी त्रापोच्या काठीपाशी होते, चुएको माझ्या डावीकडे. त्याने तीन टोले दिले. मी तुझ्याकडे एकदा पाहिलं आणि वळले. तू तेव्हा चष्मा पुसत होतास. मग मला फक्त माणसांची तोंडं दिसत होती, कारण मागच्या रांगांतले शिस्त मोडून आधी इकडेतिकडे बघत होते. मग तेही वळले. पाठीच पाठी. कुणाच्या कोटावर पावसाचे डाग, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं मूल, आणि त्या मुलाचं तोंड तेवढं स्टेजकडे.

आणि तुझ्या बाजूने काहीच नाही. एकही सूर नाही.

ठरल्याप्रमाणे चुएकोने सुरुवात करायची होती. त्याने तोंड उघडलं आणि आवाज निघेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुजबुजले, "अरे, म्हण की!" तो म्हणाला, "बाई, येत नाही हो."

म्हणून मी सुरू केलं. मला गाता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? माझा आवाज मोर्च्यांत फाटलेला. पहिला सूर मी जिथे धरला तिथे तो कुणीच कधी धरला नव्हता. पुढच्या रांगेतली एक पोरगी फिदकन हसली. हसता हसता तिने तो उचलला, जागेवर आणला, आणि मग तिच्या शेजाऱ्याने, मग त्यांच्या मागच्यांनी, आणि मग, तादेओ, भिंती हलायला लागल्या. लोक तुला पाठ दाखवून समोरच्या विटांना तुझा सूर गात होते, आणि विटा तो उलटा तुझ्याकडे पाठवत होत्या.

तेव्हा खालून तुझा डावा हात आला. मी पायांत ऐकला आधी, लाकडी जमिनीतून.

दुसऱ्या फेरीत तू उजवा हात ठेवलास. ठेवलास ना? वर चढताना जिथे सूर वळतो, तिथे तो वळला नाही, तुटला, आणि भलत्याच पट्टीवर पडला. सगळ्यांनी ऐकला. मी डोळे मिटून घेतले. आता वळतील, आता वळतील. माझ्या पुढच्या माणसाची मान ताठ झाली, कानामागची शीर दिसली. पण तो वळला नाही. कुणीच वळलं नाही.

आणि तिसऱ्या फेरीत काय झालं ते तुला तिथून नीट कळलं का? लोकांनी तो सूर तसाच गायला. तुटलेला. तू जिथे पडलास तिथेच, मुद्दाम, सगळ्यांनी मिळून. कुणी ठरवलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, त्याने शेवटच्या दिवशी असा वाजवला, म्हणजे आता तो असाच आहे. काल इरेनाच्या दुकानासमोर दोन पोरं जाताना गात होती, आणि तसाच गात होती.

मग तू थांबलास, आणि आम्ही थांबलो. शेवटपर्यंत वळायचं नाही असं ठरलं होतं, पण शेवट कधी ते कुणी ठरवलं नव्हतं! म्हणून सगळे उभेच राहिले, पाठमोरे, आणि टाळ्या वाजवायला लागले. भिंतीकडे तोंड करून. वळले तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती.

आता मला विचारायचंय. तू रडलास का? हसलास का? मान खाली घातली होतीस की आमच्याकडे बघत होतास? एवढा क्लब खच्चून भरला होता आणि पाहणारा एकही नाही. लिसांद्रोला विचारलं तर म्हणतो, "मी माझ्या बुटांकडे बघत होतो." जे मूल जागं होऊन बघत होतं, त्याला बोलता येत नाही.

काल दुपारी चुएको त्रापोची काठी परत द्यायला घरी आला. ढोल नव्हता. मी माते, आपला नळीने प्यायचा कडू चहा, केला. तो नळी तोंडात धरून बसला. मला वाटलं, आता विचारेल. 'बाई, तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?' मी उत्तर जुळवत होते. त्याने विचारलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "मी नियम मोडला. एकदाच वळलो. तो सूर पडला ना, तेव्हा."

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली. "काय दिसलं?"

"दिवे होते डोळ्यांवर. काही दिसलं नाही."

"काहीच नाही?"

"सांगितलं ना, काही नाही. शाळेतसुद्धा तुम्ही असंच दोनदा विचारायच्या." आणि पेला परत दिला.

मग टेलिव्हिजनबद्दल बोलला, म्हणजे त्याच्या घरचा बिघडलाय त्याबद्दल. पुराबद्दल बोलला. बेटावरच्या द्राक्षांचं नुकसान झालं असेल का म्हणाला. जायला उठला, दारापर्यंत गेला, आणि कडीला हात लावून, माझ्याकडे पाठ करून म्हणाला,

"येत्या रविवारी आमच्याकडे आसादो आहे, अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजणार. त्याला आणा. फार माणसं नाहीत, घरचेच. आणि त्याला सांगा, सुरीबिरी घेऊन बसायची गरज नाही. त्याच्या ताटातलं मांस मी कापूनच ठेवीन."

मी त्याला काही सांगितलेलं नाही, तादेओ. आणि तो दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

रविवारी सकाळी लाँच आहे. मी धक्क्यावर उभी असेन, तोंड नदीकडे करून.

नीदिया